तुम्ही विचारलंत म्हणून: ‘स्मोक ऑन द वॉटर’ एका तारेवर वाजवलं तर काय बिघडलं?

गिटार हातात घेऊन आठवडा होत नाही तोच हा प्रश्न येतो. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या या गाण्याची ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल, जाड तारेवर शून्य-तीन-पाच, शून्य-तीन-सहा-पाच अशी (आकडे फ्रेटचे, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या पट्ट्यांचे; शून्य म्हणजे उघडी तार) पाच मिनिटांत बसते, ऐकणारा लगेच ओळखतो, मग दोन तारांचा हट्ट कशाला?

ओळखू येणं वेगळं आणि तसं वाजणं वेगळं. पाश्चात्त्य ‘जी’ (G) हा सूर सा धरलात तर वरची ओळ अशी आहे: सा-ग-म, सा-ग-तीव्र म-शुद्ध म, सा-ग-म-ग-सा, आणि ग सगळीकडे कोमल. एका तारेवर तुम्ही एवढंच वाजवता. रेकॉर्डवर मात्र प्रत्येक सुराखाली षड्ज-मध्यमाचं अंतर राखून दुसरा सूर चालतो. साखाली मंद्र प, कोमल गखाली कोमल नी, शुद्ध मखाली सा, तीव्र मखाली कोमल रे. पेटीवर दोन बोटांनी वाजवून बघा. पहिली जोडी म्हणजे तंबोऱ्याच्या पहिल्या दोन तारा! गिटारवर ती उघड्या डी आणि जी तारांत आयती मिळते. पुढच्या जोड्या तिसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या फ्रेटवर, एकेका बोटाने दोन्ही तारा आडव्या दाबून.

उघडी जी १९६ हर्ट्झची, डी साधारण १४७ची. दोन्ही एकदम डिस्टॉर्शनमधून (आवाज मुद्दाम फाटका करण्यातून) गेल्या की त्यांच्यातला फरकही ऐकू येतो, ४९ हर्ट्झ. तोच सा, दोन सप्तकं खाली, आणि तो कुणी छेडलेलाच नसतो. एकट्या तारेतून तो निघणार कुठून?

दोन तारा घेणारेही बहुतेक जण सा खाली आणि प वर अशी नेहमीची दोन सुरांची जोडी, म्हणजे पॉवर कॉर्ड, धरतात. मग वर प राहतो आणि चाल त्याच्याखाली झाकली जाते. दुसरी चूक पिकची, म्हणजे तारा छेडायच्या चकतीची. पिक आधी डीला लागतं, मग जीला. मूळ रेकॉर्डवरचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर ही रिफ पिकने वाजवत नाही, अंगठा आणि बोट यांनी दोन्ही तारा एकाच क्षणी खेचतो. तिसरी चूक गेन, म्हणजे अँपवरचं आवाज फाटवण्याचं बटण, पूर्ण चढवण्याची. सगळा चिखल होतो. अर्ध्याच्या खाली आणा. आणि सूर तोडायला शिका. दाबलेली जोडी बोट सैल केलं की थांबते, उघड्या तारांवर मात्र हात टेकवावा लागतो. पहिले दोन सूर लांबले की रिफ बिघडलीच.

एवढं करूनही रेकॉर्डइतकं जाड वाजणार नाही, हेही कबूल करायला हवं. तिथे बँडच्या जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारी पेटीसारखी वाद्यजात) मार्शल कंपनीच्या गिटार-अँपमधून गिटारच्या बरोबरीने तीच रिफ वाजवतो. त्याच्यात आणि गिटारमध्ये फरक करणं कानाला अवघड जातं.

आता दुसरा नेहमीचा दावा: रिफमध्ये आगीचं वर्णन आहे. नाही. ४ डिसेंबर १९७१ला स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या कसिनोत फ्रँक झॅपा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन (पेटता प्रकाशगोळा उडवणारी बंदूक) झाडली आणि कसिनो जळून गेला. जाझ महोत्सवाचे क्लोद नोब्ज पोरांना बाहेर काढत होते. डीप पर्पल तिथेच अल्बम ध्वनिमुद्रित करणार होते, रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ त्यासाठीच गावात आला होता. हॉटेलातून त्यांनी सरोवरावर पसरणारा धूर पाहिला. मग त्यांना पॅव्हिलियन नावाचं नाट्यगृह मिळालं. रात्री वाद्यं सुरू झाली, आवाजाने शेजारी वैतागले, पोलीस आले. बँडच्या माणसांनी आतून दारं धरून ठेवली, बाहेरून धडका, आणि आत टेक (एका दमातलं ध्वनिमुद्रण) संपेपर्यंत वादन चालूच. तो टेक म्हणजे याच गाण्याचा वाद्यभाग. तोवर त्याला शब्द नव्हते, नावसुद्धा नव्हतं. ‘टायटल नंबर १’ एवढीच नोंद. त्यानंतर नाट्यगृह हातचं गेलं. बाकीचा अल्बम हिवाळ्यात बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळांत, गाद्या लावून आवाज अडवत पुरा झाला. आगीनंतर थोड्याच दिवसांत बँडचा बासवादक रॉजर ग्लोव्हर झोपेतून उठला तेव्हा शीर्षक, ‘पाण्यावरचा धूर’, त्याच्या तोंडात होतं, आणि आगीची हकीकत या तयार वाद्यभागावर चढवली गेली. म्हणजे रिफ आधीची, कथा मागाहूनची. बँडची भिस्तही या गाण्यावर नव्हती. १९७२मध्ये एकल तबकडी म्हणून त्यांनी ‘नेव्हर बिफोर’ काढली. ‘स्मोक ऑन द वॉटर’ एकल तबकडी म्हणून १९७३मध्ये आलं आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

म्हणून कथेच्या आधाराने रिफ समजत नाही. त्या दोन तारांतच ऐकावी लागते.

पण एका तारेवर वाजवूच नका, असं मीही ठासून सांगत असे आणि ते आता सांगवत नाही. कारण ताल. पहिला सा, ग, म सरळ पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मात्रेवर. पुढचा सा चौथ्या मात्रेनंतर अर्ध्यावर पडतो, त्यामागचे ग आणि तीव्र म हेही मात्रांच्या मधोमध, आणि शुद्ध म पुन्हा तिसरीवर. दोन तारा सांभाळण्याच्या नादात नवशिके हे तिन्ही सूर सरळ मात्रेवर आणून ठेवतात. एका तारेवर वाजवणाऱ्याचा ताल पुष्कळदा त्यांच्यापेक्षा नेटका असतो. त्याला चूक कसं म्हणू? आणि ताल पक्का झाल्यावर तो दोन तारांकडे वळेलच, याचीही खात्री नाही. एकदा सवय लागली की बोटं तिथेच रमतात. सध्या तरी पहिल्या दिवशी गिटार बाजूला. पायाने मात्रा, हाताने टाळी, आणि पेटीवर प-सा.