अन्नपूर्णा सर्किट: धारापानी ते जोमसोम, थोरोंग ला ओलांडून

नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किटचा ट्रेक आखायला बसलं की पहिला प्रश्न येतो रोज किती किलोमीटर चालायचं हा. तो बाजूला ठेवा. आधी कागदावर रोज रात्री किती उंचीवर झोपणार ते लिहा, अंतरं त्यात बसतातच. वाट तांत्रिक नाही, दोर-बिर काही लागत नाही, दिवसाला सहा-सात तास चालायची सवय असलेल्या कुणालाही जमेल. लोक अर्ध्यातून परततात ते बहुतेक वेळा उंची लागल्यामुळे, म्हणजे विरळ हवेचा त्रास झाल्यामुळे.

आमच्या मुक्कामांचा क्रम असा होता: धारापानी 1,860 मीटर, चामे 2,670, अप्पर पिसांग 3,300, न्गावल 3,660, मनांग 3,540 (इथे दोन रात्री), याक खर्क 4,050, थोरोंग फेदी 4,450, मग 5,416 मीटरची थोरोंग ला खिंड ओलांडून मुक्तिनाथ 3,760. नकाशानुसार हे आकडे पन्नास-शंभर मीटरने इकडेतिकडे होतात, त्यात अडकू नका. पाहायचं ते एवढंच, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढत नाही आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक जादा रात्र मिळते. या क्रमात दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

गोची रस्त्याने केली आहे. खालच्या बेसीशहर गावाहून जीप आता थेट मनांगपर्यंत जाते. म्हणजे सकाळी 760 मीटरवर चहा प्यायलेला माणूस दुसऱ्या दिवशी 3,540 मीटरवर उतरतो आणि मग मनांगमध्ये दोन दिवस डोकं धरून बसतो. वाचवलेले दिवस तिथेच खर्ची पडतात. सुट्टी कमी असेल तर जीपने फार तर चामेपर्यंत जा, त्यापुढे पायीच. जीपचा रस्ता कड्यात खोदलेला आणि खडबडीत आहे. मागच्या सीटवर पाच-सहा तास काढल्यावर दुसऱ्या दिवशी पाठ बोलते, त्यामुळे पुढची जागा मिळाली तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट परदेशी नागरिकांना 3,000 आणि सार्क देशांच्या नागरिकांना 1,000 नेपाळी रुपयांना मिळतं. ते काठमांडू किंवा पोखऱ्यात आधीच काढा. वाटेत चौक्यांवर तपासतात, म्हणून वरच्या खिशात ठेवा. 1 एप्रिल 2023 पासून नेपाळ पर्यटन मंडळाने परवानाधारक गाइड बंधनकारक केला आहे. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्डावर विमानात सोडत नाहीत. 100 भारतीय रुपयांना 160 नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. रोख रक्कम बेसीशहरच्या पुढे मिळेल असं धरूच नका. भरवशाचं एटीएम त्यानंतर थेट जोमसोमला. राहणं-खाणं-चहा-चार्जिंग मिळून माणशी दिवसाला 3,500 ते 4,500 नेपाळी रुपये धरा, आणि अडकून पडलात तर पुरतील असे तीन दिवसांचे वेगळे ठेवा. नोटा सुट्ट्या असाव्यात. हजाराची नोट मोडून द्यायला वरच्या गावात कुणाकडेही नसते.

धारापानीपासून पुढे बऱ्याच ठिकाणी रस्ता आणि पायवाट वेगळ्या होतात. दगडांवर आणि झाडांवर लाल-पांढरे पट्टे दिसले की मुख्य पायवाट, निळे-पांढरे दिसले की बाजूची एखादी जागा पाहून येण्याची वाट. अर्धा तास चालून एकही पट्टा दिसला नाही तर मागे फिरून शेवटचा पट्टा शोधा. पुढे दिसेल या आशेवर चालत राहिलं की जीपच्या धुळीत जाऊन पोचतो.

अप्पर पिसांगला दोन वाटा फुटतात. खालची नदीकाठाने सपाट जाते आणि तासाभराने लवकर पोचवते. वरची एका झुलत्या पुलानंतर घ्यारूकडे उभी चढते, नागमोडी, जवळजवळ 400 मीटर. वरचीच घ्या. समोर अन्नपूर्णा 2 (7,937 मीटर) आणि गंगापूर्णा (7,455) अख्खी दिसतात हे आहेच, पण खरं कारण वेगळं आहे: या वाटेने न्गावलला 3,660 वर झोपून दुसऱ्या दिवशी मनांगला 3,540 वर उतरता, म्हणजे शरीराला एक रात्र आगाऊ सराव मिळतो. घ्यारूचा चढ सकाळी दहाच्या आत संपवा. तो दक्षिणेकडे तोंड करून आहे, सावली नाही आणि मध्ये पाणीही नाही.

आता टीहाऊसचा, म्हणजे वाटेवरच्या राहण्या-जेवणाच्या छोट्या लॉजचा व्यवहार. खोलीचं भाडं नाममात्र असतं, कारण मालकाची कमाई स्वयंपाकघरातून होते. जिथे झोपाल तिथेच रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता घ्यायचा हा अलिखित करार आहे. बाहेर जेवलात तर भाडं वाढणार, आणि ते रास्तच आहे. ऑर्डर संध्याकाळी सहाच्या आत द्या आणि सकाळच्या नाश्त्याचीही तेव्हाच नोंदवा. चुली दोनच असतात. सहा जणांनी सहा वेगळे पदार्थ मागितले की शेवटच्याचं ताट साडेआठला येतं, आणि मग तो उपाशीपोटी वैतागून झोपतो. दालभात घेतला तर भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात. भूक असेल तर पैशाच्या हिशोबातही तोच परवडतो. मनांगच्या वर मांस टाळा, ते किती दिवसांपूर्वी खालून आलंय हे कुणी सांगत नाही. सकाळी त्साम्पाची (भाजलेल्या सातूच्या पिठाची) लापशी किंवा तिबेटी रोटी आणि अंडी पोटात बराच वेळ टिकतात. लसणाच्या सुपाने उंची लागत नाही, असं प्रत्येक टीहाऊसमध्ये सांगतील. सूप गरम असतं, पाणी पोटात जातं, एवढ्यासाठी जरूर प्या, त्याहून जास्त अपेक्षा नको.

मोठ्या सीझनमध्ये, म्हणजे ऑक्टोबरचा पूर्ण महिना, फेदी आणि याक खर्कला दुपारी दोननंतर खोली मिळणं अवघड. गाइड असेल तर आदल्या रात्री त्याच्याकडून फोन करवा. सिम नेपाळ टेलिकॉमचं घ्या, इकडच्या बाजूला तेच जास्त ठिकाणी लागतं.

पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊ नका. बऱ्याच गावांत शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, तिथे थोड्या पैशात बाटली भरून मिळते. क्लोरीनच्या गोळ्या जवळ असू द्या. पाणी अगदी थंड असेल तर अर्ध्या तासाऐवजी तासभर थांबा. पोकळ तंतूंचा फिल्टर वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: एकदा वापरलेला ओला फिल्टर रात्री गोठला तर आतले तंतू फुटतात. बाहेरून काहीच कळत नाही, पाणीही येत राहतं, पण ते गाळलेलं नसतं. याक खर्कपासून पुढे फिल्टर, फोन, पॉवर बँक आणि हेडलँपच्या बॅटऱ्या, सगळं स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपा. स्लीपिंग बॅग उणे 10 अंशांच्या कम्फर्ट रेटिंगची असावी. टीहाऊसमध्ये रजई मिळते, पण गर्दीत प्रत्येकाला मिळेलच असं नाही.

स्वतः वाहणार असाल तर सॅक पाण्यासकट नऊ किलोच्या आत बसवा. पोर्टर घेतला तर दोघांचं मिळून 20 किलो, त्याहून जास्त नको, कारण त्याचं स्वतःचं सामान वेगळं असतं. त्याच्याकडे खिंडीसाठी हातमोजे, गॉगल आणि बंद बूट आहेत का, हे बेसीशहरलाच डोळ्यांनी बघून घ्या. त्याचा विमाही विचारा. तुमच्या स्वतःच्या विम्यात 6,000 मीटरपर्यंतचा ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर असं स्पष्ट लिहिलेलं हवं. कितीतरी पॉलिसी 4,000 मीटरवरच संपतात. साध्या डोकेदुखीसाठी कुणी हेलिकॉप्टर बोलवायचा आग्रह धरत असेल तर आधी विमा कंपनीला फोन लावा. या धंद्यातली दलाली नेपाळमध्ये आता लपून राहिलेली नाही.

मनांगची दुसरी रात्र कापू नका. त्या दिवशी खोलीत लोळत पडायचं नाही, वर जाऊन खाली यायचं. प्राकेन गोंपा (बौद्ध मठ, सुमारे 3,945 मीटर) दोन-तीन तासांत होतो. तब्येत खणखणीत असेल तर ब्रागा गावाच्या वरचा आइस लेक, 4,600 मीटर, पण तो पूर्ण दिवसाचा आणि दमवणारा आहे. सीझनमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या केंद्रात दुपारी उंचीच्या आजारावर डॉक्टर बोलतात. ते ऐका, आणि गटातल्या "मला काही होत नाही" म्हणणाऱ्याला आधी नेऊन बसवा.

औषधाबद्दल: ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, प्रतिबंधासाठी 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असं सहसा देतात, पण ते आपल्या डॉक्टरला विचारून आणि सल्फाची ॲलर्जी सांगूनच. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ऑक्सिमीटरचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. थंड बोटांवर तो काहीही दाखवतो. डोकं दुखतंय आणि जेवण जात नाही, तर वर जायचं नाही. थांबूनही वाढलं तर उतरायचं. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून दहा पावलं टाकायला सांगा. तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी त्याच वेळी खाली, सोबत माणूस देऊन. सकाळपर्यंत बघू, हे वाक्य इथे जिवावर बेततं.

हाताशी तीन दिवस असतील तर मनांगहून तिलिचो तलाव (4,919 मीटर) जोडता येतो. मुक्काम श्री खर्क आणि तिलिचो बेस कॅम्प. दोन्हींच्या मधला दरडीचा पट्टा सकाळी लवकर ओलांडा. ऊन आणि वारा चढला की वरून दगड सुटतात, तिथे फोटोला थांबायचं नाही.

खिंडीआधीची रात्र फेदीला काढायची की त्याच्या वरच्या हाय कॅम्पला, यावर बराच वाद होतो. याक खर्कहून थेट हाय कॅम्पला (4,880 च्या आसपास) गेलं तर एका दिवसात उंची 800 मीटरहून जास्त वाढते. झोप लागत नाही, जेवण उतरत नाही, आणि पहाटे तुम्ही आदल्या दिवसापेक्षा कमजोर होऊन निघता. दीड तासाची चढण वाचवायला एवढी किंमत कशाला? फेदीलाच झोपा. याक खर्क ते फेदी वाटेवरही घसरणीचा भाग आहे, तो दुपारच्या वाऱ्याआधी पार करा.

खिंडीच्या दिवशी लोक पहाटे तीनला निघतात. कारण विचारलं तर "सगळे निघतात" एवढंच. खिंडीत वारा साधारण दहानंतर जोर धरतो, म्हणून साडेचार-पाचला निघून चालतं. अंधारातली सर्वांत बोचरी थंडी वाचते. फेदी ते हाय कॅम्प तास-दीड तास खडा चढ, तिथून खिंड अडीच-तीन तास. हीच खिंड असं वाटायला लावणारे उंचवटे चार-पाच येतात. माथ्यावर पताकांचा ढीग आणि पाटी दिसेपर्यंत कशावरही विश्वास ठेवू नका. नळीची पाणीपिशवी इथे निकामी होते, नळी पहिल्या तासात गोठते. रुंद तोंडाची बाटली गरम पाण्याने भरून, लोकरी मोज्यात घालून, सॅकमध्ये उलटी ठेवा: बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. बर्फ असेल तर बुटांवर मायक्रोस्पाइक्स, म्हणजे वरून चढवायचे धातूचे काटे. फेदीला घोडे मिळतात. पाय दुखत असतील तर घ्या, पण उंची लागलेल्या माणसाला घोड्यावर बसवून वर नेणं म्हणजे आजाराकडे जास्त वेगाने जाणं.

खरी कसोटी उतरणीत लागते. मुक्तिनाथपर्यंत 1,650 मीटर, सुट्या खडीवरून, आणि सावलीतल्या वळणांवर गोठलेला बर्फ. काठ्या लांब करा, बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट आवळा, नाहीतर अंगठ्यांची नखं काळी पडतात. पहिलं जेवण चाबारबूला, 4,200 मीटरवर, तोवर खिशात खजूर-चिक्की असू द्या.

हवामानाचं एक कायमचं लक्षात ठेवा. 12 ऑक्टोबर 2014 ला हुदहुद चक्रीवादळ विशाखापट्टणमला धडकलं आणि 14 तारखेला या खिंडीत हिमवादळ झालं. परिसरात किमान 43 माणसं गेली. ऑक्टोबर म्हणजे निरभ्र आकाश हे गृहीत धरलं होतं. बंगालच्या उपसागरात वादळ आहे का, हे मनांगला पोचल्यावर भारतीय हवामान खात्याच्या पानावर बघा. असेल तर तिथेच थांबा, फेदीला नाही. फेदीत अडकलेल्या गर्दीत "आजच निघू" चा दबाव फार येतो. जादा ठेवलेले दिवस यासाठीच आहेत.

मुक्तिनाथला मुक्काम राणीपौवा गावात. मंदिर आणि 108 धारा तिथून थोड्या वर. पुढे कागबेनी ते जोमसोम कालीगंडकीच्या पात्रातून जाताना दुपारचा वारा समोरून येतो, धूळ आणि वाळू घेऊन, म्हणून दहाच्या आत पोचायचं बघा, किंवा लुप्रा गावावरून जाणारी डोंगरातली वाट धरा. याच वाऱ्यामुळे जोमसोम-पोखरा विमानं फक्त सकाळी उडतात आणि ढग असले की रद्दच होतात. विमान रद्द झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघण्यापेक्षा तडक बेनीमार्गे बस किंवा जीप धरा. पोखऱ्याला पोचायला दिवस जातो. पोखरा किंवा काठमांडूहून परतीचं तिकीट काढताना जोमसोमनंतर दोन दिवस मोकळे सोडा.