एका समुद्री काकडीपाशी ४२ मिनिटं

परवाच्या डाइव्हमध्ये मी जवळजवळ पोहलेच नाही. सहा मीटर खोलीवर, प्रवाळांच्या मधल्या पांढऱ्या वाळूत एक काळी समुद्री काकडी, म्हणजे काकडीच्या आकाराचा एक प्राणी, दिसली आणि ठरवलं, आज हिलाच बघायचं. तळाला हात न लावता, फिन न हलवता, नुसत्या श्वासावर तरंगत राहिले. माझ्या जोडीदारणीला शार्कचं वेड आहे, तरी तीसुद्धा शेजारी थांबली. तिचे मनापासून आभार.

ही होलोथुरिया आट्रा जातीची. वीतभर लांब. अंगभर वाळूचा बारीक थर, फक्त पाठीवर दोन ओळींत नखाएवढे गोल डाग मोकळे, त्यातून काळंभोर कातडं चमकत होतं. एका टोकाला तोंड, तोंडाभोवती आखूड, झुबकेदार शुंडकांचा, म्हणजे बोटांसारख्या अवयवांचा घोळका. एक शुंडक वाळूवर दाबायचं, कण चिकटले की ते हळूच तोंडात घालून पुसून घ्यायचं, तोवर दुसरं वाळूत. बोटं चाटून जेवावं, अगदी तसं. वाळू हे तिचं अन्न नव्हे. कणांवर बसलेले जिवाणू, सूक्ष्म शैवाल, कुजका गाळ एवढंच ती पचवते आणि उरलेली वाळू मागून बाहेर टाकते. ऑस्ट्रेलियाच्या हेरॉन बेटाच्या प्रवाळभित्तीवर याच जातीचं मोजमाप झालंय: एक काकडी दिवसाला साधारण 38 ग्रॅम, म्हणजे वर्षाला 14 किलोच्या आसपास वाळू उपसते. त्या एका भित्तीवरच्या सगळ्या काकड्या मिळून वर्षाला 64,000 टनांहून जास्त! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा तपासला होता.

मग मी मागच्या टोकाला गेले. खरी गंमत तिथे असते. समुद्री काकडी श्वास घेते तो गुदद्वारातून. आत झाडासारख्या फांद्या फुटलेल्या दोन पोकळ नळ्या असतात, त्यांत पाणी भरायचं आणि सोडायचं. मी मोजत होते: सहा-सात वेळा छोटी उघडझाप, दरवेळी थोडं पाणी आत; मग एकदम मोठा उच्छ्वास आणि मागची वाळू बोटभर उडाली. पुन्हा सहा-सात, पुन्हा उच्छ्वास. कधी तिचा श्वास मोजत होते आणि कधी माझा, तेही मध्येच कळेनासं झालं.

याच दारातून पर्लफिश नावाचा बारीक, पारदर्शक मासा आत राहायला जातो. एका नाइट डाइव्हमध्ये मी तो बघितलाय. काकडीच्या मागच्या टोकाशी घुटमळत होता, दार श्वासासाठी उघडलं आणि तो शेपटीकडून सर्रकन आत. काही जातींच्या काकड्यांच्या गुदद्वाराशी पाच कठीण दात असतात. तारामासा त्यांचा भाऊबंद, त्यामुळे पाचाचा हिशेब सगळीकडे सापडतो. मेंदू नाही, तोंडाभोवती मज्जातंतूंचं एक कडं आणि तिथून अंगभर गेलेल्या पाच दोऱ्या. एवढ्यावर सगळा कारभार चालतो.

एक गोष्ट सांगायलाच हवी. माझ्या सुरुवातीच्या डाइव्हमध्ये गाइडने डोळ्यांसारख्या ठिपक्यांची एक काकडी उचलून माझ्या हातात दिली होती. ती माझ्या तळव्यावर आखडून लाकडासारखी कडक झाली. तिच्या कातडीतली संयोजी ऊती मज्जातंतूंच्या हुकमावर घट्ट किंवा सैल होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. लगेच मागून पांढरे धागे सुटले, ताणून लांब लांब होत गेले आणि ग्लोव्हला असे चिकटले की बोटीवर कातरीने कापावे लागले. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ ज्यॉर्ज क्यूव्हिए यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या धाग्यांसारख्या नलिका मूळ लांबीच्या वीसपट ताणल्या जातात. संपलेल्या नलिका पुन्हा वाढायला काही आठवडे लागतात. तोवर खेकडा आला तर तेवढं हत्यार कमी. काही जाती तर छेडल्यावर आतडंच बाहेर टाकतात आणि नवं वाढवतात. ते परत उगवतं खरं, पण तोपर्यंत खायचं कशाने? त्या दिवशी सगळे हसत होते, मीही हसले होते. आज कुणी काकडीकडे हात नेताना दिसलं, की मी मध्ये जाऊन हात आडवा धरते.

आणि हा नुसता दयेचा प्रश्न नाही. फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटाजवळ संशोधकांनी प्रवाळांच्या आसपासच्या समुद्री काकड्या काढून बघितल्या. जिथे काढल्या तिथे प्रवाळांच्या वसाहती मरण्याचं प्रमाण 15 पटींनी वाढलं. वाळवून विकण्यासाठी कित्येक समुद्रांतून त्या पोत्यांनी उपसल्या गेल्या आहेत, हे आठवलं की पोटात कालवतं.

वर आल्यावर जोडीदारणीने विचारलं, "अगं, हवा किती उरली तुझी?" अर्ध्याहून जास्त उरली होती. निघताना मी मागे वळून बघितलं होतं. सुरुवातीला तिच्या तोंडाशी असलेला फुटका शिंपला आता शेपटीच्याही मागे पडला होता, आणि त्याच्या शेजारून स्वच्छ वाळूची एक बारीक, वळणावळणाची लड तिच्यापर्यंत गेलेली होती.