भाकरी आणि चार जनुकं

आज सुट्टी होती. यावलला आजीकडे गेलो आणि ओट्यावर बसून एक थ्रिलर एका बैठकीत संपवला. वय उलटं फिरवणारा शोध, गायब झालेली वही, पाठलाग. पण खरी धडधड झाली ती कथेमागच्या विज्ञानाने.

२००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत फक्त चार जनुकं घातली आणि त्या पेशी भ्रूणातल्या मूळपेशींसारख्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा, झाल्या. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळून मिळालं. मला सगळ्यात थरारक वाटतं ते पुढचं: ही जनुकं उंदराच्या शरीरात जास्त वेळ चालू राहिली तर पेशी आपण कोण हेच विसरते. त्वचा त्वचा राहत नाही, गाठी होतात. थोडा वेळच चालू ठेवली, तर तारुण्याच्या काही खुणा परततात. सगळा खेळ कुठे थांबायचं याचा. याहून मोठा सस्पेन्स कोणता लेखक रचणार?

आजी चुलीपुढे कळण्याची भाकरी थापत होती. मनगटावरचं गोंदण आता सुरकुत्यांत पार मिसळलंय, पण हात अजूनही काठ एकसारखा फिरवतो.

"काय वाचू राह्यला रे एवढं?"

सांगितलं सगळं, जमेल तसं. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

"मंग तुया आबाले बी परत आनता येईन का?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने भाकरी उलटली.