पाठ टेकवायला शिकवताना : खानापूर तालुक्यातल्या ज्युदो वर्गाचं दुसरं वर्ष

हजेरी वहीत आज २६ नावं आहेत. त्यातली ११ तालमीतली पोरं. ही नोंद मुख्यतः त्या ११ जणांबद्दल आहे, कारण यंदा मी जे काही शिकलो ते त्यांच्यामुळे. ज्यांच्या गावात लाल मातीचा आखाडा आहे आणि तिथेच ज्युदोचा वर्ग चालवायचा आहे, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

आमचं गाव बेळगाव-खानापूर रस्त्यापासून थोडं आत. वर्ग देवळाशेजारच्या समुदाय भवनात भरतो, आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ. मॅट म्हणजे एकमेकांत अडकणारे फोमचे ३६ तुकडे, मीटर बाय मीटरचे, ४ सेंटिमीटर जाड. अंथरायला दहा मिनिटं, उचलायला पंधरा. लग्नाची तारीख आली की हॉल आमचा नाही, गणपतीचे दिवसही आमचे नाहीत. जागा पुरत नाही असं पोरं म्हणाली की मी त्यांना ज्युदोचे जनक कानो जिगोरोंची गोष्ट सांगतो. १८८२ साली त्यांनी तोक्योतल्या एइशोजी नावाच्या देवळात कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली, ती १२ तातामींवर, म्हणजे जपानी चटयांवर. जागा जेमतेम २० चौरस मीटर. आपल्याकडे ३६ आहेत आणि देऊळही शेजारीच आहे.

जूनमध्ये तालमीतली पोरं आली तेव्हा मला फार आनंद झाला होता. मान मजबूत, कंबर मजबूत, जोर-बैठका लहानपणापासूनच्या. धोबीपछाड येणाऱ्या पोराला इप्पोन सेओइ नागे शिकवायला कितीसा वेळ लागणार? बाहेरची टांग येत असेल तर ओसोतो गारी अर्धी आलेलीच असते. झालंही तसंच. दुसऱ्याला पाडण्यात ही पोरं तिसऱ्या आठवड्यातच जुन्या मुलांच्या पुढे गेली.

अडलं ते पडण्यात.

कुस्तीत पाठ टेकली की निकाल. हे त्यांना कुणी समजावून सांगावं लागत नाही, ते अंगातच असतं. सात-आठ वर्षांचा असल्यापासून पोराला एकच ठाऊक, काहीही होवो, पाठ मातीला लागता कामा नये. हवेतसुद्धा तो अंग फिरवतो, पोटावर येतो, गुडघा लावतो, हात टेकतो, मानेवर पूल करतो. स्पर्धेत ज्युदोतही जोरात पाठीवर पडलं की इप्पोन, म्हणजे खेळ खलास. पण सरावात रोज पन्नास-साठ वेळा पडायचं असतं, जोडीदाराला त्याचा डाव पूर्ण करू द्यायचा असतो. त्यासाठी उकेमी, म्हणजे मार न लागता पडण्याची रीत. हनुवटी छातीशी, नजर कमरेच्या गाठीवर, पाठ गोल, हात अंगापासून थोडे दूर, आणि पाठ टेकताक्षणी तळहातापासून कोपरापर्यंतचा हात मॅटवर थाडकन मारायचा. त्या फटक्याने मार एका जागी न बसता पसरतो. माझ्या मते त्याहून मोठा फायदा दुसराच आहे. मारण्यात गुंतलेला हात अंगाखाली टेकायला जात नाही.

वस्ताद एकदा दारात उभं राहून बघत होते. सत्तरी पार केलेले, अजून पहाटे आखाड्यात असतात. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरांना पाठ टेकवायला शिकवालाय काय रे?" त्यात राग नव्हता, खरोखरचं कोडं पडलं होतं त्यांना. मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही.

जुलैबद्दल थोडक्यात. खानापूरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना जास्त सांगायला नको. फरशीला ओल, मॅटच्या खालच्या बाजूला बुरशी. आता मॅट लाकडी फळ्यांवर उभे लावून ठेवतो आणि दर शुक्रवारी ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसून पंख्याखाली वाळवतो. चार मुलांना गजकर्ण झालं. डाग दिसला की डॉक्टरांचं औषध पुरं होईपर्यंत मॅटवर यायचं नाही, बाजूला बसून बघायचं, असा नियम केला. नेलकटर दाराच्या कडीला सुतळीने बांधून ठेवलंय.

ऑगस्टची ती संध्याकाळ मात्र नीट लिहायला हवी.

तालमीतला चौदा वर्षांचा पोरगा. ओसोतो गारीचा सराव चालू होता, पूर्ण फेकीचा. मी सहा आठवड्यांनी पूर्ण फेक सुरू केली होती, कारण मागच्या वर्षीच्या मुलांना तेवढा वेळ पुरला होता. जोडीदाराने पाय मागे नेला, छातीने रेटलं, पोरगा मागे कलला आणि शेवटच्या क्षणी सवयीने वळला. उजवा हात सरळ मागे टेकला. सगळं वजन त्या एका हातावर. आवाज मला अजून आठवतो. कोपर जागचं निसटलं होतं. कुणी तरी "ओढून बसवूया" म्हणालं, त्याला मी हात लावू दिला नाही. होता तसाच हात कापडाच्या झोळीत बांधला, बर्फ लावला आणि गाडीतून बेळगावला नेलं. हाड मोडलं नव्हतं. कोपर बसवलं आणि काही दिवस पट्टीत ठेवलं. रात्री त्याच्या आईला घरी सोडताना ती एकच बोलली, "सर, तुम्ही होता ना तिथं?" होतो. आणि घाई माझीच झाली होती.

त्या आठवड्यात मी वाचत बसलो. जपानमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत १०० हून अधिक मुलं दगावली. बरीचशी डोक्याला मार बसून, आणि नवशिकी मुलं त्यांत जास्त. ओसोतो गारीचं नाव त्यात पुन्हा पुन्हा येतं, कारण त्यात माणूस सरळ मागे जातो आणि हनुवटी आत घेतली नसेल तर आधी डोकंच आपटतं. ज्या देशात हा खेळ जन्मला तिथे हे झालं. आमच्याकडे कोपरावर निभावलं.

पूर्ण फेक थेट दिवाळीपर्यंत बंद केली. दोन मुलं कंटाळून सोडून गेली, ती परत आली नाहीत. याची मला अजून रुखरुख आहे, पण निर्णय बदलणार नाही.

आता काय बदललं ते. एरवी सगळीकडे आधी मागे पडणं शिकवतात, उशिरो उकेमी. आडवं झोपून, मग बसून, मग उकिडवं बसून, शेवटी उभ्याने. तालमीतल्या पोरांना तिथेच अडचण, कारण दोन्ही खांदे एकदम टेकणं म्हणजे चितपट. त्यांचं अंग मुळात वळायलाच बघतं. मग मी क्रम फिरवला. आधी कुशीवर पडणं, योको उकेमी. एकच कूस टेकते, पाठ पूर्ण लागत नाही, आणि वळण्याची सवय मोडावी लागत नाही. त्यानंतर खांद्यावरून लोळण, झेनपो काइतेन. कोलांटी सगळ्यांना येतेच, फक्त ती डोक्यावरून सरळ न घेता एका खांद्यावरून विरुद्ध कमरेकडे तिरकी घ्यायची. हे दोन्ही पक्कं झाल्यावरच उशिरो. तेव्हा मात्र ती पोरं पटापट शिकली. मधली एक पायरी फार उपयोगी पडली. एका मुलाने गुडघे-हात टेकून घोडा व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या पाठीवर बसून मागे लवंडायचं. उंची कमी, वेग कमी, आणि भीती कुठे बसली आहे ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं.

दुसरी गोष्ट पाडणाऱ्याची. कुस्तीत अंगावर कापड नाही, त्यामुळे पाडलं की हात मोकळे, लगेच वर चढायचं. ज्युदोत एका हातात समोरच्याची बाही असते. शेवटच्या क्षणी ती बाही वर ओढून धरली की पडणारा कुशीवर येतो, डोकं उचललेलं राहतं, आणि तो हात टेकायला रिकामाच नसतो. म्हणजे पडणाऱ्याचं कोपर पाडणाऱ्याच्या मुठीत असतं. हे मी पहिल्या वर्षी सांगत होतो, पण तपासत नव्हतो. आता फेक झाल्यावर "थांब" म्हणतो आणि मूठ बघतो. बाही सुटलेली असेल तर डाव कितीही देखणा असो, तो मोजायचा नाही.

बाह्या धरायला लागल्यावर बाह्या फाटायला लागल्या. निम्म्या मुलांकडे कराटेचे गणवेश होते, घरातल्या थोरल्या भावंडांचे. ते कापड पातळ, ठोसे-लाथांसाठी शिवलेलं, ओढाताणीसाठी नव्हे. खरी ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड गणवेश, महाग पडते. शेवटी वडगावातले एक काका सापडले, आयुष्य मागाजवळ गेलेलं, आता शिलाई करतात. त्यांनी एक फाटका सदरा हातात घेतला, शिवण अंगठ्याने उलगडून बघितली, बाही दोन्ही हातांनी ताणली आणि म्हणाले, "कापड नाही गेलं, धागा गेलाय." काखेत चौकोनी ठिगळ, खांद्यावर आतून जाड मांजरपाटाचा पट्टा, गळपट्टीत तीन घड्या आणि त्यावर उभ्या शिवणीच्या सहा ओळी. पहिला सदरा मी स्वतः घालून तालमीतल्या सगळ्यात दांडग्या पोराला ओढायला लावला. टिकला. आतापर्यंत नऊ करून घेतलेत.

पट काढण्याची, म्हणजे समोरच्याचा पाय धरून पाडण्याची, सवय अजून गेलेली नाही. समोरचा जरा उभा झाला की हात आपोआप मांडीकडे जातो. २०१० पासून आंतरराष्ट्रीय नियमांत पायाला थेट हात घालून हल्ला करायला बंदी आली, आणि २०१३ पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात घालायलाच. मुलांना हे अन्यायाचं वाटतं, आणि मला त्यांचं म्हणणं कळतं. वस्तादांना मी सांगितलं, की कानो तरुण असताना एका धिप्पाड सहाध्यायाला काही केल्या पाडता येईना, तेव्हा त्यांनी सुमोचे डाव पाहिले, पाश्चात्त्य कुस्तीचं पुस्तक शोधलं आणि त्यातून माणसाला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलून टाकायचा काता गुरुमा बसवला. वस्ताद एकदम खुलले. म्हणजे डाव कुठनं का येईना, त्यांना पाहिजे होता, असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून दारात उभं न राहता आत बाकावर बसायला लागले.

भाषेचं बघायचं तर निम्मी मुलं कन्नड माध्यमातली, घरी कुणी मराठी, कुणी कन्नड, कुणी दोन्ही. मी समजावतो मराठीत, अडलं तर कन्नडात. एका मुलीची आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, "बीळाक कलस्तीरेन्री?" पडायला शिकवता होय? आज्ञा आणि मोजणी मात्र जपानीत. इची, नी, सान, शी, गो. हे कुणाच्याच घरचं नाही, सगळ्यांनी इथेच येऊन शिकलेलं. धाकटी पोरं आता लपाछपीलाही तसंच मोजतात.

मुली सात आहेत. जानेवारीत दोन जणींच्या घरून नववीच्या अभ्यासाचं कारण आलं. मी घरी जाऊन बसलो. आपल्याच जिल्ह्यातल्या मलप्रभा जाधव ज्युदोच खेळत वर आल्या आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियातल्या कुस्तीत ५२ किलो गटात कांस्यपदक घेऊन आल्या, हे एका घरी ठाऊक होतं. तिथली मुलगी परत आली. दुसरी अजून नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन.

कोपर निसटलेला पोरगा नोव्हेंबरात परतला. पहिले पंधरा दिवस फक्त कुशीवर पडणं, तेही गुडघ्यावरून. मार्चमध्ये त्याने पहिल्यांदा पूर्ण ओसोतो गारी घेतली, पडणारा म्हणून. मी बाजूला इतका जवळ उभा होतो की जोडीदाराला पाय मागे न्यायला अडचण झाली, त्याने मला सरकायला सांगितलं. पोरगा गेला मागे. हनुवटी आत, डावा हात थाडकन मॅटवर, उजवी बाही जोडीदाराच्या मुठीत ताणलेली. उठला, कमरेची गाठ सारखी केली आणि म्हणाला, "सर, अजून एक." त्या दिवशी त्याने बारा घेतल्या, मी मोजल्या. एकदाही हात मागे गेला नाही.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा एप्रिलमध्ये नऊ जणांनी दिली. सात उत्तीर्ण. राहिलेले दोघेही पाडण्यात उत्तम आहेत, पडण्यात कच्चे, आणि त्यांना ते मान्य आहे. मेमध्ये लग्नांमुळे हॉल फक्त पाच दिवस मिळतोय. मॅटचे आणखी १२ तुकडे घ्यायचेत, दरमहा दीडशे रुपयांत हळूहळू साठतील. कुणाकडे वापरलेले पण कडा न फाटलेले तुकडे असतील तर मला हवेत.

हॉल नाही म्हटल्यावर मी महिनाभर सुट्टीच धरून चाललो होतो. परवा वस्ताद रस्त्यात भेटले. तालमीत लहान पोरांची एक नवी तुकडी आलीय, सात-आठ वर्षांची. म्हणाले, "त्यास्नी आधी पडायला शिकव. मग मी डाव शिकवतो." शनिवारी पहाटे यायला सांगितलंय. माती आदल्या दिवशी खोल उकरून, चाळून, मऊ करून ठेवतो म्हणाले.