वह्यांची मर्यादा आणि खिडकीवरची मुदत

मी कर्नाटकातील खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिकवते. वह्या तपासणे, पाठाचे टाचण काढणे, घरखर्च लिहिणे ही कामे रात्रीपर्यंत लांबत, म्हणून मी प्रत्येक कामाला वेळ बांधून दिला. दिलेला वेळ भरेपर्यंत काम पसरत जाते, हे ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सन यांनी १९५५ साली लिहिलेले निरीक्षण वह्यांच्या गठ्ठ्याला तंतोतंत लागू पडते. २५ मिनिटे काम आणि ५ मिनिटे विश्रांती, असा गजर लावू लागल्यावर वह्या जेवणाआधी संपू लागल्या. त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

अडले ते मुलीच्या जातीच्या दाखल्यापाशी. त्यासाठी रजेच्या दिवसातले दोन तास मी राखले होते. ते सरकारी कचेरीच्या रांगेतच संपले आणि पिशवीतला गजर वाजला, तेव्हा पुढचे एक काका म्हणाले, "बाई, हा आत ऐकू गेला तर बरं होईल." खिडकीशी पोहोचल्यावर कळले की सर्व्हर बंद आहे, उद्या या. पुढच्या खेपेस शाळेच्या दाखल्यावरील आडनाव आणि आधारवरील आडनाव कन्नडमध्ये वेगवेगळे लिहिले गेल्याचे निघाले. संताप येतो तो याचा, की कर्नाटकात २०११ च्या सकाल कायद्याने अशा सेवांना दिवसांची मुदत घालून दिली आहे. ती टळल्यास अपील करता येते आणि दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाईचीही तरतूद आहे. परंतु ती मुदत अर्ज स्वीकारल्यावर सुरू होते, आणि "उद्या या" ऐकून परतणाऱ्याचा अर्ज मुळात घेतलेलाच नसतो.

मग "दाखला मिळवणे" हे काम मी यादीतून काढले आणि "पोचपावती घेणे" एवढेच ठेवले. जीएससी क्रमांकाची, म्हणजे सकाल कायद्याखाली अर्जाला मिळणाऱ्या क्रमांकाची, पावती हातात पडेपर्यंत मी खिडकी सोडली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्या क्रमांकावरून अर्ज कुठवर आला ते पाहता येते. तरीही मुदतीची तारीख वहीत लिहून तोवर चौकशी करायची नाही, असे मी ठरवले. दाखला मुदतीत आला.

हे आधी सांगायला हवे होते: झेरॉक्स आदल्या संध्याकाळी काढाव्यात, आणि नाव कन्नडमध्ये कसे लिहायचे ते एखाद्या कन्नड शिक्षकाकडून कागदावर लिहून घ्यावे. या दोन्ही कामांना मिळून अर्धा तास पुरतो.