पापडावरचे डाग

आई यंदा पहिल्यांदाच माझ्याकडे महिनाभर राहायला आली. कालची भरली वांगी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली, तर ती दाराच्या काचेशी वाकून बघत बसली. "जाळ कुठंय रे यात?" भांडं बाहेर काढलं तेव्हा कडेच्या रश्शातून वाफा निघत होत्या आणि मधलं वांगं गारढोण. "आतून तापवतं म्हणतात ना हे?"

म्हणतात सगळेच, पण तसं नाही. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धन असतं, दुसरं ऋण. आतल्या लहरींचं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा उलटसुलट होतं. त्याच्या मागे वळता वळता हे रेणू शेजाऱ्यांना धडकतात, आणि ती धडपड म्हणजेच उष्णता. पण लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर शिरेपर्यंतच बऱ्याचशा शोषल्या जातात. पुढे गाभ्यापर्यंत ऊब पोचते ती चुलीवर पोचते तशीच, हळूहळू.

शिवाय धातूच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात, त्यामुळे काही जागा कडक तापतात तर काही कोऱ्या राहतात. म्हणून तर आतली काचेची थाळी फिरती असते. हे आईला दाखवायचंच होतं. फिरती काच आणि खालचं चाक काढलं, मधल्या खुंटीवर चिनी मातीचा वाडगा पालथा घातला, त्यावर ताटली आणि तिच्यात आईनेच लाटलेला उडदाचा पापड. अर्ध्या मिनिटाच्या आत पिवळसर पापडावर पांढरे फोड उठले, तेही ठिकठिकाणीच. मधली जागा कच्चीच्या कच्ची!

फूटपट्टी आणली. डाग वेडेवाकडे होते, तरी शेजारच्या दोन डागांच्या मध्यांत साधारण ६ सेंटिमीटर भरले. एका लहरीच्या लांबीत अशा तापत्या जागा दोनदा येतात; म्हणून ही अर्धी लहर, म्हणजे पूर्ण लहर १२ सेंटिमीटरची. तिला सेकंदाच्या त्या २४५ कोटींनी गुणलं की लहरीचा वेग सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर येतो. या लहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात, आणि तो वेग ३ लाखांच्या किंचित आत आहे. आईच्या पापडावर तो इतका जवळ सापडला, याचा आनंद मला अजून पुरतोय.

आईने आकडेमोड ऐकून घेतली आणि उरलेला पापड गॅसवर भाजला. रात्री मात्र भात गरम करायला तिनेच घेतला. पाण्याचा हबका मारला, वरणासाठी करतात तसं मधोमध आळं केलं, आणि मशीन थांबल्यावरही दोन मिनिटं झाकण काढू दिलं नाही.