तीन समुद्रांचं पाणी आणि एका शब्दाचं श्रेय

अडीच महिने अडलेली गाठ रविवारी सुटली. ‘ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं’ ही सातवाहन राजा गौतमीपुत्राबद्दलची ओळ मी माझ्या ब्लॉगवर नाशिकच्या लेणे क्र. ३च्या पानावर अवतरणचिन्हांत टाकून खाली नुसतं ‘पांडवलेणी शिलालेख’ असं लिहिलं होतं. मागच्या नोंदीनंतर तुमच्यापैकी एकाने विचारलं, हे मराठी कुणाचं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत ओळ होती, पुस्तकाचं नाव नव्हतं. नेटवर तेच वाक्य शब्दाला शब्द सगळीकडे सापडतं, पण कुणीही मूळ सांगत नाही.

शेवटी एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांची वाचनं छापणाऱ्या नियतकालिकाचा आठवा खंड (१९०५-०६) उघडला. इंटरनेट आर्काइव्हची स्कॅन प्रत चांगली आहे, पण प्राकृत शब्द तिथल्या शोधात सापडत नाहीत, पानं हातानेच उलटावी लागतात. त्यात फ्रेंच अभ्यासक एमिल सेनारने वाचलेला शिलालेख क्र. २. वाचन असं: ‘तिसमुदतोयपीतवाहनस’. दगडावर ‘वाहन’ आहे, घोडा नाही! घोडा कुणा अनुवादकाने आणला आणि मी तो दगडाच्या नावावर खपवत होतो. फार लागलं मनाला. शिवाय ही ओळ ‘गौतमीपुत्र म्हणतो’ अशी देतात, तेही चूक. लेख त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षातला.

म्हणून आता अवतरणाखाली तीन नावं: लेख बलश्रीचा, वाचन सेनारचं, मराठी माझं. ते अनामिक भाषांतर काढून टाकलं. ज्याचं नाव देता येत नाही ते वापरायचं नाही, एवढं ठरवलंय.

१८८३च्या नाशिक गॅझेटियरमधल्या उताऱ्यांखालीही आता आधी पंडित भगवानलाल इंद्रजींचं नाव येईल. लेण्यांचा तो भाग त्यांचा, आणि आपण सगळे नुसतं ‘गॅझेटियर’ म्हणून मोकळे होतो. दोघांच्याही लेखनाचे हक्क कधीच संपलेत, पण म्हणून नाव गाळायचं कसं?

पानाच्या एचटीएमएल कोडमध्ये उताऱ्याची ‘ब्लॉककोट’ खूण असते, तिच्या ‘साइट’ (cite) या खणात लिंक भरली की श्रेय दिलं, असं मी धरून चाललो होतो. ब्राउझर ती वाचकाला दाखवतच नाही! आता उताऱ्याखाली दिसेल अशी ओळ लिहितो. संदर्भ नोंदवून ठेवायचं झोटेरो हे सॉफ्टवेअर मात्र घ्याच. फुकट आहे, आणि ‘गौतमी बलश्री’सारख्या नावाला नाव-आडनाव असे दोन खण नको असतील तर एकच खण ठेवता येतो. विकिमीडिया कॉमन्सवरून घेतलेल्या लेण्याच्या व्हरांड्याच्या फोटोखाली छायाचित्रकाराचं नाव, परवाना आणि ‘कडा कापल्या आहेत’ हेही आलं. ती ओळ बघून मला फार बरं वाटलं.

पुढे लेणे क्र. १०, म्हणजे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची दानं घ्यायची होती. पण लिहिता लिहिता सुचलं, की दगडाचा फोटो, वाचन आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाखाली त्याचं त्याचं नाव द्यावं. मग आधी जुन्या नऊ नोंदी तशा करायच्या. येत्या रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत पायऱ्या चढून क्र. ३च्या भिंतीचे फोटो काढतो.